५ लिटरमध्ये जमलं, ५०० लिटरमध्ये तुटलं: हायल्युरॉनिक आम्लाच्या उत्पादनाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

क्रीम, सीरम, शीट मास्क अशा उत्पादनांत ओलावा धरून ठेवण्यासाठी वापरलं जाणारं हायल्युरॉनिक आम्ल ही मुळात लांबलचक साखळीची शर्करा आहे. ग्लुकुरॉनिक आम्ल आणि एन-असिटाइल ग्लुकोसामाइन यांची जोडी पुन्हा पुन्हा जोडली जाऊन ती तयार होते. एका जोडीचं वजन सुमारे ४०० डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), म्हणजे १५ लाख डाल्टनच्या साखळीत अशा पावणेचार हजारांच्या आसपास जोड्या असतात. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाई-बैलांच्या डोळ्यातल्या द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. पुढे बरीच वर्षं तो कोंबड्याच्या तुऱ्यातून काढला जाई. आता तो मुख्यतः जिवाणू वाढवून मिळवतात आणि त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. हा जिवाणू स्वतःभोवती हायल्युरॉनिक आम्लाचं बुळबुळीत कवच बांधतो आणि ते माध्यमात सोडतो.

हे प्रकरण एका लहान कंत्राटी फर्मेंटेशन कारखान्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. कारखान्याला औद्योगिक एन्झाइमांचा बराच अनुभव होता, पण इतका चिकट ब्रॉथ (जिवाणू वाढलेलं द्रव माध्यम) त्यांनी कधी हाताळला नव्हता. सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या एका ग्राहकाने मागणी दिली: सरासरी रेणुभार १२ ते १६ लाख डाल्टन, प्रथिनं ०.१ टक्क्यापेक्षा कमी, ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि एकूण जिवाणू संख्या ग्रॅमला १०० पेक्षा कमी.

५ लिटरच्या काचेच्या फर्मेंटरमध्ये कृती छान बसली होती. माध्यमात दर लिटरला ग्लुकोज ५० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १५ ग्रॅम, सोया पेप्टोन ५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट २.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम. ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करायचं, नाहीतर यीस्ट एक्स्ट्रॅक्टबरोबर तापून ब्रॉथ तपकिरी होतो. मॅग्नेशियमही वेगळं, कारण फॉस्फेटबरोबर तापलं की गाळ बसतो. तापमान ३७ अंश, पीएच ७.०, हवा मिनिटाला द्रवाच्या आकारमानाइतकी, इनोक्युलम (सुरुवातीला घालायचं जिवाणूंचं विरजण) ५ टक्के आणि तेही जोमाने वाढत असतानाचंच. १५-१६ तासांत ग्लुकोज संपे. लिटरला ४.५ ग्रॅम उत्पादन आणि वाळलेल्या भुकटीचा रेणुभार १७ लाख, मागणीपेक्षा थोडा जास्तच.

जास्त ग्लुकोज घालून जास्त उत्पादन का काढलं नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. हा लॅक्टिक आम्ल बनवणारा जिवाणू आहे. घातलेल्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के लॅक्टिक आम्लात जातं, शर्करेच्या साखळीत दहावा हिस्साही जात नाही. शिवाय लिटरला ५-६ ग्रॅमच्या पुढे ब्रॉथ इतका दाट होतो की हवा आणि कॉस्टिक (आम्ल मारण्यासाठी घालायचं सोडियम हायड्रॉक्साइड) दोन्ही नीट मिसळत नाहीत.

अडचण

५०० लिटरच्या टाकीत ३२० लिटर माध्यमावर पहिली बॅच घेतली. लॅक्टिक आम्ल मारण्यासाठी लागणारं कॉस्टिक धरून शेवटी आकारमान ३५० लिटरच्या आसपास जाणार, हे आधी मोजलेलं होतं. हिशेब सोपा आहे: १६ किलो ग्लुकोजमधून साधारण १२.८ किलो लॅक्टिक आम्ल, म्हणजे १४२ मोल. तितकेच मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, म्हणजे ५.७ किलो.

फर्मेंटेशन दिसायला उत्तम झालं. लिटरला ४.२ ग्रॅम, टाकीत एकूण दीड किलोच्या जवळपास. हाती भुकटी आली ०.८८ किलो. एवढ्यावर कोणी फार काळजी केली नसती. पण रेणुभार निघाला ७.५ लाख, प्रथिनं ०.४ टक्के आणि भुकटीला फिकट पिवळी झाक. ग्राहकाच्या दृष्टीने हा वेगळाच माल होता: क्रीमला अपेक्षित दाटपणा येत नाही आणि त्वचेवर बसणारा पातळ थरही तसा बनत नाही.

१७ लाखांवरून ७.५ लाख हा आकडा मोठा वाटतो, पण सरासरी प्रत्येक साखळी सव्वाएक ठिकाणी तुटली तरी एवढी घसरण होते. हजारो दुव्यांपैकी एक-दोन. वजनात, उत्पादनात, शुद्धतेच्या बहुतेक चाचण्यांत याचा मागमूस लागत नाही. चिकटपणा मोजला तरच कळतं.

मांडले गेलेले पर्याय

पहिल्या बैठकीत चार सूचना आल्या.

फर्मेंटेशनचं तापमान ३३ अंशांवर आणावं. कमी तापमानाला हा जिवाणू लांब साखळ्या बांधतो हे खरं आहे. पण वाढ मंदावते आणि बॅच लांबते.

स्ट्रेन (जिवाणूचा वापरातला वाण) बदलावा. संशय असा की साखळी तोडणारं हायल्युरॉनिडेज एन्झाइम स्ट्रेनमध्ये परत आलं असावं. औद्योगिक स्ट्रेन हे एन्झाइम आणि रक्तपेशी फोडण्याची क्षमता, दोन्ही घालवून तयार केलेले असतात, त्यामुळे शंका रास्त होती. जनुक घालून बदललेल्या बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूकडे वळण्याचीही चर्चा झाली. पण त्याला जनुकबदल केलेल्या जीवांबाबतच्या १९८९ च्या नियमांखालच्या परवानग्या लागतात आणि हातातल्या मागणीसाठी तेवढा वेळ नव्हता.

बाहेरून भुकटी घेऊन पुरवावी. चीनमधल्या शानडोंग प्रांतातून हा माल मोठ्या प्रमाणात येतो. मागणी भागली असती, पण कारखान्याने हे काम ज्यासाठी घेतलं होतं तेच बाजूला पडलं असतं.

चौथी सूचना मिश्रणाची होती: २० लाखांची विकतची भुकटी आपल्या ७.५ लाखांच्या मालात मिसळून सरासरी १३ लाखांवर आणावी. चिकटपणावरून काढलेला आकडा कागदावर बसला असता. गुणवत्ता विभागाने इथे ठाम नकार दिला आणि तो योग्यच होता. जेल क्रोमॅटोग्राफीत (साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीत) दोन वेगळी शिखरं दिसली असती, बॅचचा माग लावता आला नसता आणि ग्राहकाच्या क्रीममध्ये माल वेगळाच वागला असता.

पहिला निर्णयबिंदू: काही बदलण्याआधी मोजायचं

सुदैवाने यापैकी काहीही लगेच केलं गेलं नाही. ठरलं असं की दुसरी बॅच तंतोतंत पहिल्यासारखीच घ्यायची आणि प्रत्येक टप्प्याला नमुना काढून रेणुभार मोजायचा. माल विकता येणार नाही हे माहीत असताना एक पूर्ण बॅच त्यासाठी खर्च करायची. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

मोजणीला महागडं यंत्र लागलं नाही. २० मिलिलिटर नमुना लगेच बर्फात ठेवायचा, पेशी काढायच्या, तिप्पट अल्कोहोलमध्ये धागे पाडायचे, धुवायचे आणि मिठाच्या ०.२ मोलर द्रावणात विरघळवायचे. कार्बाझोल पद्धतीने सांद्रता काढायची आणि २५ अंशांना उबेलोडे व्हिस्कोमीटरच्या काचनळीतून द्रावण वाहायला लागणारी वेळ मोजायची. त्यावरून अंगभूत चिकटपणा निघतो: १५ लाखांना साधारण २३.५ डेसिलिटर प्रति ग्रॅम, ७.५ लाखांना १३.७ च्या आसपास. फरक इतका ठळक आहे की हात थोडा हलला तरी निष्कर्ष बदलत नाही. बर्फ मात्र विसरायचा नाही. टेबलावर दोन तास राहिलेला नमुना स्वतःच तुटलेला असतो.

निकाल असे आले. ग्लुकोज संपलं तेव्हा ब्रॉथमध्ये १९ लाख. फिल्टर प्रेस मोकळा होईपर्यंत टाकी ३७ अंशांवर, हवा चालू ठेवून सहा तास थांबली होती. त्यानंतर १५ लाख. जिवाणू मारण्यासाठी ८० अंशांवर अर्धा तास तापवल्यानंतर ९ लाख. रंग काढणारा कार्बन आणि गाळण झाल्यावर ८.५, वाळलेल्या भुकटीत ७.५.

फर्मेंटेशनला दोष नव्हताच. जिवाणूने आपलं काम चोख केलं होतं, साखळी तुटली ती नंतर. पहिल्या बैठकीतल्या सूचनांप्रमाणे तापमान ३३ केलं असतं, तर सुरुवात २२ लाखांनी झाली असती आणि शेवट जवळपास तिथेच.

कारणं कशी पक्की केली

एन्झाइमचा संशय आधी मिटवला. ब्रॉथचा पेशीविरहित भाग घेतला, त्याचा अर्धा हिस्सा उकळून थंड केला आणि दोन्ही भागांत सारखंच शुद्ध हायल्युरॉनिक आम्ल घालून ३७ अंशांवर सहा तास ठेवलं. एन्झाइम असतं तर उकळलेल्या भागातली घसरण थांबली असती. दोन्हीकडे चिकटपणा जवळपास सारखाच उतरला. तिसऱ्या भागात थोडं ईडीटीए (लोह बांधून ठेवणारं रसायन) आणि कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलं होतं, तिथे तो बराचसा टिकला. उत्तर स्पष्ट होतं: हवेत वाढताना हा जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो, लोहाचा अंश मिळाला की त्यातून अतिक्रियाशील मूलकं तयार होतात आणि ती साखळी कापतात. थांबलेल्या सहा तासांत हवा चालू ठेवणं म्हणजे हेच चालू ठेवणं.

ब्लड अगर प्लेटवरही पाहिलं गेलं. बॅचअखेरीच्या वसाहती जवळजवळ सगळ्या मोठ्या, चकचकीत, सुईला लांब तार येणाऱ्या. भोवती रक्त विरघळल्याचं वलय नाही. कवच गमावलेल्या, लहान कोरड्या वसाहती अगदी तुरळक. स्ट्रेन निर्दोष.

तापवण्याच्या टप्प्यात गोष्ट आणखी साधी निघाली. ५ लिटरला ८० अंशांपर्यंत जायला पंधरा मिनिटं लागत, थंड व्हायला तेवढीच. ५०० लिटरच्या टाकीत जॅकेटमधून (टाकीभोवतीच्या पोकळ कवचातून) स्टीम देऊन तापायला दोन तासांहून जास्त आणि थंड व्हायला तीन तास. ब्रॉथ मधासारखा दाट असल्याने भिंतीजवळचा थर सरकतच नाही, तो जळत राहतो आणि मधला भाग थंडच. कागदावर ‘८० अंश, ३० मिनिटं’ हीच नोंद दोन्हीकडे. प्रत्यक्षात ६० अंशांच्या वर ब्रॉथ चार तासांच्या आसपास राहिला. प्रयोगशाळेत शंभर मिलिलिटर ब्रॉथ ८० अंशांवर अर्धा तास आणि चार तास ठेवून पाहिला. अर्ध्या तासाने थोडी घट, चार तासांनी टाकीसारखीच. जास्तीच्या प्रथिनांचं आणि पिवळ्या झाकेचं मूळही इथेच सापडलं: इतका वेळ शिजलेल्या पेशी फुटून आतला ऐवज बाहेर येतो.

दुसरा निर्णयबिंदू: जिवाणू मारायचे कसे

तापवणं सोडूनच देता आलं असतं का? हा जिवाणू घोड्यांत आजार करतो आणि माणसांतही क्वचित संसर्ग होतो, म्हणून दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीचे नियम लागू होतात. जिवंत ब्रॉथ उघड्या फिल्टर प्रेसवर नेणं शक्य नव्हतं. फॉर्मेलिन हा जुना उपाय, पण सौंदर्यप्रसाधनाच्या कच्च्या मालात त्याचा अंश नको म्हणून तो बाद झाला.

मग प्रश्न उलटा विचारला गेला: मारायला खरोखर लागतं किती? स्ट्रेप्टोकॉकस बीजाणू धरत नाही. ६० अंशांवर अर्ध्या तासात तो मरतो, ७२ अंशांपुढे काही सेकंदांत. ८० अंश आणि अर्धा तास ही सवय बॅसिलसच्या एन्झाइमांच्या कामातून आलेली होती.

ठरलेली कृती अशी: ग्लुकोज लिटरला १ ग्रॅमच्या खाली आलं की हवा बंद आणि टाकी लगेच थंड. ग्लुकोज पाहायला रक्तातली साखर मोजायचं साधं ग्लुकोमीटर आणि पट्ट्या वापरल्या. नमुना पातळ करून आणि प्रयोगशाळेच्या मोजणीशी एकदा ताडून घेतला की कामापुरता आकडा मिनिटात मिळतो. एका तासाच्या आत ब्रॉथ बंद नळीतून दुसऱ्या टाकीत, तिथे ७०० लिटर आरओ पाणी. तिप्पट पातळ केल्यावर चिकटपणा तिपटीहून कितीतरी जास्त उतरतो, मग उष्णता झटकन जाते. पुढे दूध डेअरीत असतो तसाच नळीचा पाश्चरायझर: ७४ अंश, दोन मिनिटं, लगेच २५ अंशांपर्यंत थंड, ताशी ५०० लिटर. तापमान खाली आलं तर वळणझडप ब्रॉथ मागच्या टाकीत परत पाठवते, ही सोय नसलेलं यंत्र इथे चालणार नाही. प्रत्येक बॅचचे तीन नमुने पोषक माध्यमात ४८ तास ठेवायचे. काही उगवलं तर पुढचा टप्पा रद्द. दोन्ही टाक्यांच्या हवेच्या वाटेवर ०.२ मायक्रॉनचे फिल्टर आणि काम झालं की सगळी लाइन स्टीमने मारायची.

तिसरी बॅच आणि नवी अडचण

पातळ केल्याने एक खर्च उभा राहिला. १,०५० लिटर द्रावणात थेट दुप्पट आयसोप्रोपिल अल्कोहोल घालायचं तर २,१०० लिटर लागणार; साठवणुकीची ज्वालारोधक जागाच तेवढी नव्हती. म्हणून मध्ये अल्ट्राफिल्ट्रेशन (बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी काढून टाकणं) आलं. आधी आम्लाने धुतलेला कार्बन १ टक्का आणि डायटोमाइटवर (गाळणीच्या मातीवर) गाळण. साध्या कार्बनमध्ये लोह असतं आणि लोह पुन्हा साखळी कापतं, त्यामुळे इथे स्वस्त कार्बन महाग पडतो. मग १०० किलोडाल्टनच्या, रुंद वाटेच्या पडद्यावर द्रावण ३०० लिटरपर्यंत आटवायचं आणि पाचपट पाण्याने धुवायचं. पंप लोब प्रकारचा, कारण सेंट्रिफ्यूगल पंप झडप दाबून चालवला की साखळीवर ताण येतो. लिटरला ४.५ ग्रॅमच्या पुढे पडदा दमतो, म्हणून तिथेच थांबायचं.

आणि मग अल्कोहोल घातलं तर धागे पडेनात. नुसतं दुधाळ पाणी, तासभर ठेवूनही काही खाली बसेना. घबराट झाली, पण कारण शुद्ध रसायनशास्त्राचं होतं. साखळीवर ऋण भार असतो आणि तो झाकायला मीठ लागतं. आधीच्या बॅचमध्ये ब्रॉथमधलेच क्षार हे काम करत होते, आता पडद्याने ते धुऊन टाकले होते. सोडियम क्लोराइडचं दाट द्रावण थोडं थोडं घातल्यावर पांढरे धागे दिसू लागले. आता कृतीत पक्कं लिहिलं आहे: अल्कोहोलआधी २ टक्के मीठ विरघळवायचं, मगच ६०० लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल. शिवाय द्रावणाची बारीक धार ढवळत्या अल्कोहोलमध्ये सोडायची. उलट केलं तर चिवट गोळा बनतो, त्यात पाणी अडकतं आणि तो वाळत नाही.

धुताना ७५ टक्के अल्कोहोल दोनदा, शेवटी शुद्ध अल्कोहोल एकदा, मग निर्वातात ४५ अंशांवर वाळवण. पहिल्या वाळवणीत ओलावा ११ टक्के राहिला. ट्रेमधला थर पातळ करून पुन्हा वाळवल्यावर तो मर्यादेत आला.

निष्पत्ती

तिसऱ्या बॅचची भुकटी १.० किलो निघाली, रेणुभार १४.२ लाख, प्रथिनं ०.०७ टक्के, रंग पांढरा. मिठाच्या गोंधळात काही माल वाया गेला तरी टाकीतल्या मालापैकी सुमारे ७० टक्के हाती आला. पहिल्या बॅचमध्ये हे प्रमाण ६० टक्के होतं. पुढची बॅच याच कृतीने याच पट्ट्यात बसली आणि ग्राहकाने माल स्वीकारला. पहिल्या दोन बॅचचा माल ‘कमी रेणुभार’ असा स्पष्ट शेरा मारून चाचण्यांसाठी ठेवला गेला, विकला नाही.

काम वाढलं हेही नोंदवायला हवं. अल्ट्राफिल्ट्रेशन आणि पडद्याची कॉस्टिकने धुलाई यांत एक पूर्ण पाळी जाते. फेस मारायला सिलिकॉन जरा जास्त पडलं तर पडदा लवकर बुजतो, त्यामुळे आता ते थेंबाथेंबाने आणि फेस दिसला तरच.

काय वेगळं करता आलं असतं

टप्प्याटप्प्याची चिकटपणा मोजणी ५ लिटरच्या कामातच सुरू करायला हवी होती. तिथेही १७ लाख हा शेवटचाच आकडा होता. सुरुवात कुठून झाली आणि वाटेत किती गेलं हे कुणी पाहिलं नव्हतं.

मोठ्या टाकीत जाण्याआधी तापायला आणि थंड व्हायला लागणाऱ्या वेळेचा हिशेब अर्ध्या दिवसात झाला असता. टाकी वाढते तशी भिंत त्या प्रमाणात वाढत नाही, हे एन्झाइमच्या कामातही माहीत होतं. तिथे माल उष्णता सोसणारा असल्याने खपून गेलं.

तिसऱ्या बॅचमध्ये एक बदल जास्तीचा झाला. त्याच वेळी कॉस्टिकचीही पद्धत बदलली: आधी १० नॉर्मल कॉस्टिक टाकीच्या तोंडाशी ठिबकत असे, आता ५ नॉर्मल कॉस्टिक ढवळणाऱ्या पंख्याजवळ उघडणाऱ्या नळीतून जातं. दाट ब्रॉथवर वरून पडलेलं तीव्र कॉस्टिक काही काळ धारेसारखं तसंच राहतं आणि तेवढ्या जागी पीएच साखळीला घातक असतो, म्हणून बदल योग्यच आहे. पण थांबण्याची वेळ, तापवण्याची रीत आणि कॉस्टिकची जागा तिन्ही एकदम बदलल्याने कॉस्टिकचा वाटा किती, हे आता वेगळं सांगता येत नाही. हजार लिटरपुढे जायचं ठरलं तर दाटपणा तोच आणि मिसळायला लागणारा वेळ त्याहून जास्त असेल. त्याआधी ५०० लिटरमध्ये फक्त नळीची जागा जुनी ठेवून एक बॅच घेणं आणि ग्लुकोज संपतानाचा रेणुभार नव्या नळीच्या बॅचशी ताडून पाहणं, एवढं काम बाकी आहे.